बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची पदवी मिळण्यासाठी काय काय पूर्ण करावे लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तयार झालेला नवा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. तेव्हापासून विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील महत्त्वाचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे आणि राज्य शासनाचे नियम सर्वांना समान असले, तरी विषयांची नावे, उत्तीर्णतेचे बारकावे आणि केटीचे, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याचे, नियम प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. जेथे असा फरक पडतो, तेथे तसे नमूद केले आहे.

१. ही पदवी तीन वर्षांची आहे की चार?

दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत. सहा सत्रे पूर्ण केल्यावर बी.एस्सी. ही पदवी मिळते आणि आठ सत्रे पूर्ण केल्यावर बी.एस्सी. ऑनर्स. चौथे वर्ष सक्तीचे नाही. तीन वर्षांनंतर नोकरी करायची असेल, एम.एस्सी. किंवा एम.सी.ए.ला जायचे असेल अथवा राज्यसेवेची परीक्षा द्यायची असेल, तर तीन वर्षांची पदवी पूर्ण आणि स्वतंत्र पदवी मानली जाते. चौथे वर्ष कोणासाठी उपयोगाचे, हे प्रश्न १२ मध्ये दिले आहे.

२. क्रेडिट म्हणजे नेमके काय आणि एकूण किती लागतात?

सत्रभरात १५ तास तासिकेला बसून शिकलेल्या विषयाला एक क्रेडिट मिळते. प्रात्यक्षिकासाठी, क्षेत्रकार्यासाठी किंवा इंटर्नशिपसाठी त्याच एका क्रेडिटला ३० तास द्यावे लागतात. म्हणून दोन क्रेडिटचे प्रोग्रामिंगचे प्रात्यक्षिक म्हणजे सत्रभरात ६० तास प्रयोगशाळेत बसणे होय, आणि वेळापत्रकात तो विषय दोन क्रेडिटच्या तासिकांपेक्षा दुप्पट जागा व्यापतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांसाठी किमान १२० आणि चार वर्षांसाठी किमान १६० क्रेडिट सांगितली आहेत. महाराष्ट्र शासनाने सत्राला २० ते २२ क्रेडिटची मुभा दिली, त्यामुळे तीन वर्षांची बेरीज १२० ते १३२ आणि चार वर्षांची १६० ते १७६ होते. आपल्या महाविद्यालयाचा आकडा या मर्यादेत नेमका कोठे आहे, ते विभागाने छापलेल्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तक्त्यात दिलेले असते.

३. बारावीला गणित नव्हते. प्रवेश मिळेल का?

बहुतेक विद्यापीठांत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्ससाठी विज्ञान शाखेतून बारावी आणि त्यात गणित हा विषय आवश्यक असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्या विद्यार्थ्यांना येथेच अडचण येते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतील पात्रतेचे पान वाचावे. बी.सी.ए. हा याहून वेगळा अभ्यासक्रम आहे. तो २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला असून त्याच्या प्रवेशासाठी राज्यात सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. एकाची पात्रता दुसऱ्याला लागू पडते असे गृहीत धरू नये.

४. ही सगळी क्रेडिट कोणत्या विषयांतून मिळवायची? हवे ते विषय निवडता येतात का?

पदवीच्या नियमांतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि सर्वाधिक गैरसमजही येथेच होतात. नुसती एकूण बेरीज पूर्ण करून पदवी मिळत नाही. क्रेडिट निरनिराळ्या गटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गट स्वतंत्रपणे पूर्ण करावा लागतो. एका गटात जास्तीची मिळवलेली क्रेडिट दुसऱ्या गटातील तूट भरून काढत नाहीत.

सर्वांत मोठा वाटा मुख्य विषयाचा, म्हणजे मेजरचा असतो. एकच मुख्य विषय असलेल्या पदवीसाठी आयोगाने एकूण क्रेडिटपैकी किमान ५० टक्के त्या विषयातून मागितली आहेत. सी किंवा पायथॉनमधील प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, संगणक जाळी, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, संगणनाचा सिद्धांत हे विषय बहुतेक विद्यापीठांत या गटात येतात. त्यांतील बरेचसे सक्तीचे असतात आणि वरच्या वर्गांत काही विषयांसाठी दोन-तीन पर्याय दिले जातात.

मेजरच्या जोडीला दुय्यम विषय, म्हणजे मायनर असतो. महाराष्ट्राच्या आराखड्यात त्याला १८ ते २० क्रेडिट आहेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गणित, संख्याशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स हे पर्याय सहसा मिळतात, परंतु महाविद्यालयात जो विभाग चालतो तोच मायनर तेथे मिळू शकतो. लहान गावातील महाविद्यालयात ही निवड प्रत्यक्षात एखाद-दुसऱ्या विषयापुरतीच उरते, हे प्रवेशापूर्वीच विचारून घेतलेले बरे.

यांखेरीज मुक्त वैकल्पिक विषय, व्यावसायिक कौशल्याचे आणि कौशल्यवृद्धीचे विषय, भारतीय ज्ञानप्रणालीचा दोन क्रेडिटचा विषय, मूल्यशिक्षणाची चार क्रेडिट आणि भाषांची आठ क्रेडिट असतात. भाषांच्या आठांपैकी चार इंग्रजीची आणि चार मराठी, हिंदी यांसारख्या आधुनिक भारतीय भाषेची असतात. शेवटचा गट वर्गाबाहेरील कामाचा आहे. त्याची माहिती प्रश्न ९ मध्ये स्वतंत्रपणे दिली आहे.

५. कॉम्प्युटरच्या मुलांना वाणिज्य किंवा इतिहासाचा विषय का घ्यावा लागतो? तो टाळता येईल का?

टाळता येत नाही. मुक्त वैकल्पिक विषय आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा, असा राज्याच्या आराखड्यातील स्पष्ट नियम आहे. त्यामुळे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला वाणिज्य किंवा मानव्यविद्या यांतून निवड करावी लागते. विज्ञान शाखेतील एखादा सोपा वाटणारा विषय येथे चालत नाही.

हा नियम योग्य आहे, असे आमचे मत आहे. बँकेसाठी किंवा दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हिशेब कसा ठेवतात आणि माणसे व्यवहार कसा करतात, हे कळावेच लागते. निवड मात्र विचारपूर्वक करावी. लेखाशास्त्राची किंवा अर्थशास्त्राची ओळख पुढे खरोखर उपयोगी पडते. मैत्रिणीने घेतला म्हणून घेतलेला विषय दोन्ही वर्षे ओझे होऊन बसतो.

६. गणितात गती नाही, पण कोडिंग आवडते. निभावेल का?

गणित सोडून ही पदवी पूर्ण होणार नाही. विविक्त गणित, ग्राफ सिद्धांत, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांतील काही भाग मेजरमध्ये किंवा मायनरमध्ये येतोच. पुणे विद्यापीठाच्या परंपरेत तर या पदवीच्या पहिल्या वर्षापासून गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स हे विषय सोबतीला राहिलेले आहेत. ज्यांना अडचण वाटते, त्यांनी पहिल्या सत्रातच तर्कशास्त्र, संच, संबंध आणि विगमनाने सिद्धता मांडणे ही चार प्रकरणे पक्की करावीत. पुढे अल्गोरिदम आणि डेटाबेस शिकताना याच चार प्रकरणांचा आधार घ्यावा लागतो, आणि ती कच्ची राहिलेल्या विद्यार्थ्यांना तिसऱ्या वर्षी संगणनाचा सिद्धांत परका वाटतो.

७. उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात, आणि सीजीपीए कसा काढतात?

राज्यातील विद्यापीठांत सर्वसाधारणपणे ४० टक्के गुणांना उत्तीर्ण धरतात. अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा या दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हायचे की एकत्रित गुण पाहायचे, याबद्दल मात्र विद्यापीठागणिक फरक आहे. प्रात्यक्षिकाचे जर्नल प्रमाणित नसेल, तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, आणि त्याकडे दुर्लक्ष करणारे विद्यार्थी दरवर्षी सापडतात.

आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि पी ४. विषयाचा श्रेणीगुण त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचे, म्हणजे सत्राचा एसजीपीए मिळतो. उदाहरणार्थ, चार क्रेडिटच्या विषयात ९ आणि दोन क्रेडिटच्या विषयात ६ मिळाले, तर ३६ अधिक १२ म्हणजे ४८. त्याला ६ ने भागले की ८ येतात. हेच गुण उलटे पडले, तर २४ अधिक १८ म्हणजे ४२, आणि उत्तर ७ येते. त्यामुळे अभ्यासाचा वेळ वाटताना विषयाचे क्रेडिट पाहावे. सर्व सत्रांचा असाच भारित हिशेब म्हणजे सीजीपीए. त्याचे टक्क्यांत रूपांतर करायचे असल्यास आपल्या विद्यापीठाने ठरवलेलेच सूत्र वापरावे, कारण सरसकट दहाने गुणलेला आकडा सर्वत्र मान्य होत नाही.

८. केटी राहिली तर पुढच्या वर्गात प्रवेश मिळतो का? एक विषय राहिला तरी पदवी अडते का?

पुढच्या वर्षात जाण्यासाठी आधीच्या वर्षातील किती क्रेडिट मिळवलेली असावीत, हे विद्यापीठाचे नियम सांगतात. शेजारच्या जिल्ह्यातील मित्राचा नियम आपल्याला लागू असेलच असे नाही. पहिल्या वर्षाचे विषय शिल्लक ठेवून थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्यावर बहुतेक ठिकाणी निर्बंध असतात, आणि वर्ष वाया जाण्याची वेळ विद्यार्थ्यांवर सर्वाधिक तेथेच येते.

पदवीच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. दोन क्रेडिटचा एकच विषय राहिला असला, तरी पदवी प्रमाणपत्र मिळत नाही. विषय भाषेचा असो की पर्यावरणाचा, नियम तोच आहे.

९. एन.एस.एस., क्षेत्रप्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांचेही क्रेडिट असते का?

होय, आणि तीही पदवीसाठी आवश्यक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, एन.सी.सी., क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम अशा सह-अभ्यासक्रमांसाठी आराखड्यात तीन वर्षांत मिळून आठ क्रेडिट ठेवली आहेत. क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे उपक्रम दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात. तिसऱ्या वर्षी चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग असते, म्हणजे किमान १२० तासांचे प्रत्यक्ष काम.

प्रशिक्षणाबाबत तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काम मेजरशी निगडित असावे; नातेवाइकाच्या दुकानात देयके टंकित केल्याचे प्रमाणपत्र संगणकशास्त्राचे प्रशिक्षण म्हणून सहसा मान्य होत नाही. सुरू करण्यापूर्वी विभागाची लेखी परवानगी आणि मार्गदर्शक शिक्षकाची नेमणूक असावी. तिसरी गोष्ट म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही, कारण मूल्यमापनात प्रमाणपत्राइतकेच, किंबहुना अधिक, प्रश्न तिच्यावरून विचारले जातात. जवळपास आयटी कंपनी नसेल, तर नगरपरिषद, सहकारी पतसंस्था, साखर कारखाना किंवा रुग्णालय यांच्या संगणक विभागातही चांगले काम मिळू शकते. अशा ठिकाणी एखादी छोटी प्रणाली पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः हाताळायला मिळते, आणि विद्यार्थ्याला त्याचा फार फायदा होतो.

१०. स्वयं किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरचा कोर्स केला, तर महाविद्यालयातला विषय सुटतो का?

सुटू शकतो, पण आपोआप सुटत नाही. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमात सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयंद्वारे पूर्ण करता येतात. त्यासाठी महाविद्यालयाने तो कोर्स त्या सत्रासाठी आधी मान्य केलेला असावा लागतो, आणि शुल्क भरून केंद्रावर होणारी देखरेखीखालील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. केवळ व्हिडिओ पाहून किंवा साप्ताहिक स्वाध्याय सोडवून क्रेडिट मिळत नाही. परवानगी न घेता केलेल्या कोर्सचे प्रमाणपत्र ज्ञान म्हणून मोलाचे असले, तरी पदवीच्या हिशेबात धरले जाईल याची खात्री नसते. ज्या विषयाचे क्रेडिट वर्गात मिळाले आहे, त्याच आशयाच्या ऑनलाइन कोर्सचे क्रेडिट पुन्हा मोजले जात नाही.

११. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागले तर काय हाती राहते?

पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण असतील, तर चार क्रेडिटचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र घेता येते. दोन वर्षांची ८० ते ८८ क्रेडिट असतील, तर तशाच चार क्रेडिटनंतर पदविका मिळते. ही चार क्रेडिट बाहेर पडणाऱ्यालाच लागतात. पुढे शिकणाऱ्याला त्यांची गरज नाही. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पहिल्या प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते.

घरची परिस्थिती अचानक बदलली, आजारपण आले, मुलीचे लग्न ठरले म्हणून शिक्षण थांबवले गेले, अशा वेळी ही सोय खरोखर आधार देते. तरीही जेथे शक्य आहे तेथे तिसरे वर्ष पूर्ण करावे, असा आमचा आग्रह राहील. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर प्रोग्रामरची नोकरी मिळणे अवघड असते, आणि स्पर्धा परीक्षांना पदवीच लागते.

१२. चौथे वर्ष कोणी करावे? ऑनर्स आणि ऑनर्स विथ रिसर्च यांत काय फरक आहे?

पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्या आणि संशोधनाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला संशोधनासह ऑनर्स निवडता येते. आयोगाच्या आराखड्यात त्यासाठी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. साध्या ऑनर्समध्ये त्याऐवजी तितक्याच क्रेडिटचे वरच्या पातळीचे विषय असतात. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते, तीन वर्षांच्या पदवीनंतर ती दोन वर्षांची असते, म्हणजे एम.एस्सी.पर्यंतची एकूण वर्षे दोन्हीकडे पाचच. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांना एम.एस्सी.शिवाय पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत भाग घेता येतो, आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत देता येते.

एम.सी.ए. करायचे नक्की असेल, तर चौथ्या वर्षाचा विशेष लाभ नाही, कारण तो अभ्यासक्रम दोन वर्षांचाच राहतो. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष सुरू आहे का, हेही आधी पाहावे.

१३. ही पदवी बी.ई. कॉम्प्युटरच्या बरोबरीची आहे का? नंतर इंजिनीअरिंगला जाता येते का?

दोन्ही पदव्या वेगळ्या आहेत. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली, तरी ती अभियांत्रिकीची पदवी होत नाही. खासगी कंपन्यांत अनेकदा हा फरक गौण ठरतो. शासकीय आणि बँकांच्या तांत्रिक पदांच्या जाहिरातीत तो निर्णायक ठरू शकतो. सरकारी बँकांतील आयटी अधिकारी पदासाठी अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी किंवा संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी सहसा मागितली जाते, त्यामुळे बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. अथवा एम.सी.ए. करणाऱ्याला तो मार्ग खुला होतो. गेट ही पदव्युत्तर तांत्रिक शिक्षणाची प्रवेश परीक्षा मात्र पदवीच्या तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते.

बारावीला गणित असलेल्या आणि बी.एस्सी.ला किमान ४५ टक्के, आरक्षित प्रवर्गासाठी ४० टक्के, गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो.

१४. महाविद्यालय किंवा विद्यापीठ बदलले तर आधीची क्रेडिट चालतात का?

क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील आपल्या बारा अंकी क्रमांकाच्या खात्यात जमा असतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वैध राहतात. परंतु क्रेडिट खात्यात असणे आणि नव्या विद्यापीठाने ती विशिष्ट विषयासाठी मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इलेक्ट्रॉनिक्स मायनर घेऊन दोन सत्रे झालेली विद्यार्थिनी तो मायनर नसलेल्या महाविद्यालयात गेली, तर तिची एकूण क्रेडिट कमी होत नाहीत, पण नव्या मायनरचा गट तिला भरून काढावा लागू शकतो. म्हणून टीसी काढण्यापूर्वी नव्या महाविद्यालयाकडून विषयांच्या समकक्षतेचे लेखी उत्तर घ्यावे. खात्यातील नाव आणि जन्मतारीख आधार व दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळत नसेल, तर ती दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून घ्यावी.

१५. बी.एस्सी. करता करता आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. पदवी करता येते का? तिची क्रेडिट इकडे धरतील का?

एकाच वेळी दोन पदव्या करण्यास आयोगाने २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. एक वर्गात बसून आणि एक ऑनलाइन, हा प्रकार त्यात बसतो. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या त्या पदवीला एकूण १४२ क्रेडिट लागतात, आणि पायाभूत स्तरच ३२ क्रेडिटचा आहे. दोन स्वतंत्र पदव्या घ्यायच्या असतील, तर एकीची क्रेडिट दुसरीत मोजून मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. दोन्हींचा अभ्यास पूर्ण करावा लागतो, आणि परीक्षांच्या तारखा जवळ आल्या की ताण वाढतो. पहिल्या सत्रातील निकाल पाहून मग दुसरीकडे नाव नोंदवणे हे अधिक शहाणपणाचे.

१६. तीन वर्षांच्या पदवीवर परदेशात एम.एस.ला प्रवेश मिळतो का?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे १६ वर्षांचे शिक्षण, म्हणजे बारावीनंतर चार वर्षे, मागतात. काही विद्यापीठे तीन वर्षांची पदवीही स्वीकारतात. जर्मनीत बहुधा १८० युरोपीय क्रेडिट असलेली पदवी अपेक्षित असते. तेथील एक वर्ष ६० क्रेडिटचे आणि एक क्रेडिट विद्यार्थ्याच्या २५ ते ३० तासांच्या एकूण कामाचे असते. आपल्या राष्ट्रीय आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास धरले आहेत. त्यामुळे १३२ हा आकडा १८० पेक्षा लहान दिसतो म्हणून घाबरू नये आणि थेट त्रैराशिकही मांडू नये. प्रत्येक विद्यापीठ विषयवार अभ्यासक्रम मागवून स्वतः तुलना करते. गणित, अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टीम या विषयांचा छापील अभ्यासक्रम, तासांच्या उल्लेखासह आणि विद्यापीठाच्या शिक्क्यासह, पदवीबरोबरच काढून ठेवावा.

१७. माझी एकूण क्रेडिट १३४ झाली आहेत, लागतात १३२. तरी निकालावर पदवी अपूर्ण का दिसते?

असे बहुधा तीन कारणांनी होते. एखादा गट अपुरा असतो, जसे की सह-अभ्यासक्रमाची दोन क्रेडिट राहिलेली असतात आणि मेजरमधून चार जास्त झालेली असतात. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे ती एकमेकांत वळती होत नाहीत. दुसरे कारण म्हणजे मुक्त वैकल्पिक विषय विज्ञान शाखेतील निघतो आणि त्या गटात धरला जात नाही. तिसरे कारण केवळ नोंदीचे असते: प्रशिक्षणाचे किंवा एन.एस.एस.चे गुण महाविद्यालयाकडून विद्यापीठाच्या प्रणालीत भरलेच गेलेले नसतात. या तिसऱ्या प्रकारात परीक्षा विभागाकडे प्राचार्यांच्या पत्रासह मूळ गुणनोंद पाठवली की दुरुस्ती होते, परंतु पदवीदानाच्या अर्जाची मुदत निघून गेली असेल, तर प्रमाणपत्र पुढच्या समारंभापर्यंत लांबते. यासाठी चौथ्या सत्राच्या निकालानंतर गटवार तक्ता स्वतःच्या हाताने मांडून विभागप्रमुखांकडून तपासून घ्यावा. त्या वेळी सापडलेली तूट भरून काढण्यासाठी पूर्ण दोन सत्रे हातात असतात.